बाबांना सापडलेला गोळा

सोमवार, ३ मार्च
पुन्हा एक दगड! जेवताना बाबांनी नदीतून आणलेला माझ्या ताटाशेजारीच ठेवला. अंगठ्याच्या पेराएवढा, पिवळा, वेडावाकडा. आईकडे बघत मोठ्याने म्हणाले, "या खेपेला खरं सोनं आहे!"

चकाकतं ते सगळं सोनं नसतं, हे सांगून माझी जीभ झिजली. आजवरचे सगळे पायराइट निघाले, म्हणजे सोन्यासारखं दिसणारं लोखंडाचं खनिज. खनिजं तपासणं ही माझी नोकरी, म्हणून घरीसुद्धा सुटका नाही. वैताग नुसता!

पण काय करू? आजारपणापासून बाबांचं नदीवर जाणंच बंद होतं. भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. काल आईने बळेबळे पाठवलं. आज मागून मागून जेवले.

मंगळवार, ४ मार्च
टाइलच्या मागच्या खरखरीत बाजूवर घासला. पायराइटची रेघ काळी उमटते. ही पिवळीधमक! कडेला हातोडी मारली — फुटला नाही, चपटा झाला. सोनंच की!

तरी मन खातंय. कडा झिजलेल्या नाहीत. नदीने घासलेलं सोनं इतकं कोरं नसतं.

बुधवार, ५ मार्च
तोंड धुवायच्या आत बाबा हजर — "निकाल काय?" खेकसले त्यांच्यावर.

गुरुवार, ६ मार्च
ऑफिसात कोपरा कापून भिंगाखाली धरला. आत बुडबुडे! धातू वितळवून ओतला की राहतात तसे. नदीतल्या सोन्यात अडकतो तसा गारेचा, पांढऱ्या दगडाचा, एक कण नाही. शिवाय यंत्रात तांबं दिसलं — दागिन्यात घालतात तेवढं.

म्हणजे कुणीतरी दागिने वितळवलेत. बाबांनीच? माझ्या तोंडून एकदा 'खरं सोनं' वदवून घ्यायला? डोकंच फिरलं. उद्या तोंडावर सांगणार. मग पडू देत पुन्हा भिंतीकडे तोंड करून!

शुक्रवार, ७ मार्च
सांगायला निघाले होते. वाटेत आई कपडे पिळत बसलेली. दोन्ही मनगटं मोकळी.

"आई, बांगड्या?"

"हळू बोल, ते जागे आहेत. सोनाराकडून वितळवून घेतल्या. ते बसतात ना, त्या खडकापाशी टाकल्या पाण्यात. उठले की नाही अंथरुणातून? मग झालं तर!"

कप्पाळ माझं! लग्नातल्या बांगड्या! राग आला, रडूही आलं. बाबांना सांगितलं, "नदीतलंच आहे." ते नुसते हसले.

शनिवार, ८ मार्च
बाबा पिशवी घेऊन नदीवर निघाले. दारात हळूच म्हणाले, "असल्या कोऱ्या कडा नदीत नसतात, हे मला पहिल्याच दिवशी कळलं गं. आईला बोलू नकोस."