एकावर एक दोन वायसर

मुरबे, ता. पालघर
७ फेब्रुवारी १९६७

ती. भगवंतदादास,

धाकट्या पुंजारामचा दंडवत. मी बरा आहे. रंभावहिनीचे गुडघे आता कसे आहेत? विचारायला चार वर्षं लागली, त्याबद्दल तिने खुशाल चार शिव्या घालाव्यात.

मी इथे कोळ्यांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, वामनकाका नावाच्या म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली. पोटाची ददात नाही. मासळीचा वास अंगवळणी पडला, पण मासा अजून घशाखाली उतरत नाही. बोटवाल्या प्रतापची बायको जयवंती म्हणते, "नगरवाले तुमी, समुद्रात टाकले तरी वांगीच शोधाल."

तारापूरला वीजघराचं मोठं बांधकाम चाललंय. आपल्याकडची पुष्कळ माणसं आहेत, पगारही चांगला. मी तिकडे फिरकलो नाही. सिन्नरच्या गॅरेजातलं कुणी भेटेल आणि तुझं नाव काढेल, ही धास्ती.

गेल्या आठवड्यात प्रतापची बोट केळव्यासमोर बंद पडली. आत चौघे. मतलई वारा त्यांना खोल समुद्राकडे ढकलत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी केळव्याशेजारच्या माहीमच्या बोटीने ओढून आणलं, तोवर जयवंती किनाऱ्यावरून हलली नव्हती, पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

प्रताप उतरला तो थेट वामनकाकांवर गेला. महिन्याभरापूर्वी इंजिनाचं काम आमच्याकडेच झालं होतं. म्हणाला, "म्हाताऱ्याला दिसत नाय. आजपासून याचा हात इंजिनाला लागायचा नाय."

मी इंजेक्टर काढला, भोकात वाकडी तार घातली. तांब्याचे दोन वायसर निघाले, एकावर एक. खालचा जुना, काजळीने तळाशी चिकटलेला. वरचा मी बसवलेला. तू शिकवल्यासारखा स्टोव्हवर लाल करून, पाण्यात सोडून मऊ केलेला. पण तुझं दुसरं वाक्य विसरलो होतो: जितके इंजेक्टर काढलेस तितके वायसर हातात आले का, ते आधी मोज. न मोजल्यामुळे जुना आतच राहिला, इंजेक्टर उचलून बसला, आतली धग बाजूने निसटत राहिली आणि इंजिनाचा दम गेला.

वामनकाकांनी ते दोन वायसर पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. प्रतापला म्हणाले, "माज्या डोळ्यांनी घात केला, बाबा."

दादा, सिन्नरला शेठच्या ट्रकमधून असेच दोन निघाले होते. तूही असाच माझ्याकडे पाहून म्हणालास, चूक माझी. तुझी नोकरी गेली. मी खाली मान घालून पाना पुसत राहिलो. तू कधी बोल लावला नाहीस, म्हणून तर मला घरी येववेना. तू रागावला असतास तर मी दुसऱ्याच दिवशी आलो असतो.

या वेळी बोललो. म्हटलं, "काम माझं आहे. काकांनी हातही लावलेला नाही."

प्रतापने एक सणसणीत कानाखाली दिली. बरं वाटलं, खरं सांगतो. थोड्या वेळाने जयवंतीने तिघांनाही चहा दिला. चहा पिऊन प्रताप म्हणाला, "आता म्हाताऱ्यासमोर मोजून बसव. आनि पैल्या फेरीला तू बोटीत बसशील."

आज दोघांनी मिळून बसवलं. मी दोनदा मोजले, काकांनी चाचपून तिसऱ्यांदा. उद्या पहाटे निघायचंय. मला पोहता येत नाही, हे त्यांना सांगितलेलं नाही. घाबरलोय, पण ही भीती वेगळी आहे. तिच्यात झोप लागेल.

परत आलो की गावी येतो. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव. मी ओट्यावर बसेन.

सिन्नरला चूक माझी होती, हे चार वर्षांनी लिहिणारा,
तुझा पुंजा