सुजीतच्या गाडीचं ॲव्हरेज

६ जानेवारी २०२५

महिनाभर! महिनाभर म्हणाला सुजीत!

इथल्या मराठी मंडळाच्या स्नेहभोजनात, तीस माणसांसमोर, गुलाबजामची वाटी हातात धरून — "मृणालिनीकडे ती गाडी महिनाभर टिकेल. लिटरला चार देते. पेट्रोल पाजून पाजून नाकी नऊ येतील, मग येईल माझ्याच दारात, घे बाबा तुझी तुला म्हणून." सगळे हसले. रंजितासुद्धा हसली. माझ्या सोफ्यावर बसून नवऱ्याच्या नावाने रडते ती रंजिता!

घटस्फोटात मी गाडी मागितली तेव्हा वकीलबाईंनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं होतं. "अहो, पुण्याच्या फ्लॅटचं बोला." म्हटलं, गाडी. सत्तर सालची अमेरिकन, आठ सिलिंडर, दोन दारं, नारिंगी रंग. सुजीतचा जीव त्या गाडीत, म्हणूनच मागितली. घरात एसी सव्वीसच्या खाली नेला की डोळे वटारायचा, आणि ही मात्र सिग्नलला उभी राहून नुसती गुरगुरली तरी याला कौतुक. एकोणीस वर्षं सवतीसारखी नांदली माझ्या पार्किंगमध्ये. चावी एकदाही माझ्या हातात आली नाही.

आता माझी आहे. विकायची झालीच तर आधी त्याला विचारायचं, एवढी अट कागदावर आहे. त्यावरच डोळा ठेवून बसलाय. माझी छोटी गाडी मी लेकीला, ओवीला, युनिव्हर्सिटीसाठी देऊन टाकली. म्हणजे परतीचा रस्ता बंद. शारजातलं घर, अल मजाज, ते दुबईतलं ऑफिस, इन्व्हेस्टमेंट्स पार्क, जाऊन-येऊन एकशे पाच किलोमीटर, रोज हिच्यातूनच. बघतेच आता कोणाच्या नाकी नऊ येतात ते.

११ जानेवारी

टाकी गळ्यापर्यंत भरली, चालवली, परत गळ्यापर्यंत भरली. दोनशे पाच किलोमीटर, पन्नास लिटर. चार पूर्णांक एक.

मेला खरं बोलत होता.

पंपावरचा माणूस म्हणाला, "मॅडम, टंकी में छेद है क्या?"

१२ जानेवारी

डिकी रिकामी केली. दोन टूलबॉक्स, कपाटाएवढा स्पीकर, बार्बेक्यूची शेगडी, कोळशाची पोती. सगळं मिळून एका माणसाचं वजन! टायरमध्ये हवा कमी होती, ती भरली. ओवी बघत उभी होती. "आई, यू आर ऑब्सेस्ड."

म्हटलं, हो.

१८ जानेवारी

चार पूर्णांक सहा. शेगडीचा गुण.

२५ जानेवारी

रोल्ला बाजारातल्या किराणावाल्याने एक मेकॅनिक सांगितला. खैरुद्दीन, राजापूरकडचा. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात पत्र्याची शेड, तीस वर्षं जुन्या अमेरिकन गाड्याच करतो. बॉनेट उघडलं, टॉर्च मारला आणि हसायलाच लागला. "बाय, हा शहाणपणा कोणी केलान?"

डिस्ट्रिब्युटरला जाणारी एक रबरी नळी काढून तिच्या तोंडात चक्क स्क्रू ठोकला होता. ती नळी असली की हळू चालताना ठिणगी वेळेआधी पडते आणि पेट्रोल वाचतं. रेसवाले ती काढून टाकतात म्हणे. म्हणजे आमचे साहेब रेसवाले! शारजा-दुबईच्या ट्रॅफिकमध्ये कसली रेस लावत होता देव जाणे.

खैरुद्दीनने नळी जोडली, आणि डॅशबोर्डखाली एक घड्याळाएवढं मीटर बसवून दिलं. व्हॅक्यूमचा काटा. "काटा पंधराच्या वर ठेवा. पाय दिलात की काटा पडतो. काटा पडला म्हणजे पेट्रोल गेलं. बास, एवढंच शास्त्र आहे."

३ फेब्रुवारी

पाच पूर्णांक सात!

काट्याची गंमत सांगायची राहिली. आज हायवेला छान अठरावर होता. मग मला ती गुलाबजामची वाटी आठवली. काटा धाडकन नऊवर! पाय आपोआप दाबला गेला. म्हणजे सुजीत नुसता आठवला तरी माझं पेट्रोल पितो. हरामखोर.

डॅशबोर्डवर कागद चिकटवला : "काटा १५ च्या खाली नाही. पुढचा सिग्नल बघून आधीच पाय काढ. ९० पुरे."

१५ फेब्रुवारी

कार्ब्युरेटरचे जेट बदलले. जेट म्हणजे पेट्रोल सोडणारी मोहरीएवढी पितळी भोकं. आधीची राक्षसी होती, एक नंबर लहान घातली. सहा पूर्णांक पाच.

८ मार्च

रमजान, त्यामुळे खैरुद्दीन तीनपर्यंतच. तरी मागच्या चाकांचे गिअर बदलून दिले त्याने, अजमानच्या भंगारातून शोधून आणलेले. आता नव्वदला इंजिन निवांत फिरतं, ओरडत नाही. उपाशीपोटी गाडीखाली आडवा पडला होता बिचारा आणि मी वर उभी राहून विचारते, अजून किती वाढेल हो? "इन्शाल्ला वाढेल. बाय, एवढी घाई कसली?"

घाई कसली ते त्याला काय सांगू.

१४ मार्च

सात पूर्णांक आठ! सात! पूर्णांक! आठ!

पंपाच्या पावतीचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "दोन महिने झाले. नाक जागेवर आहे." बत्तीस जणांनी अंगठे दिले. रंजिताने तर टाळ्या. पहिल्यांदाच त्या ग्रुपवर मला मान ताठ करून बसल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी सुजीतचं उत्तर आलं : "छान. पण आता ती गाडी राहिली नाही, स्कूटी झाली. पळते का?"

परत सगळे हसले.

१६ मार्च

दोन दिवस डोकं ठणकतंय. स्कूटी म्हणे! याची जिरवायची तर साडेआठ पाहिजेत. साडेआठ म्हणजे त्याच्या दुपटीहून जास्त. त्याच्याकडे शब्दच उरता कामा नये.

२२ मार्च

जेट आणखी एक नंबर लहान करा म्हटलं. खैरुद्दीन नको म्हणाला. मी हट्टाला पेटले. त्याने स्टूल ओढून मला समोर बसवलं, मास्तरासारखं. "पेट्रोल नुसतं जळत नाही, बाय. इंजिनाला आतनं गारवा पण देतं. एवढं कमी केलंत तर तुमच्यासारख्या हळू चालवणारीला चालेल. पण कोणी हायवेला पाय दाबून धरलान, तर दहा मिनिटांत पिस्टनला भोक. खलास. अति तिथे माती."

म्हटलं, माझ्याशिवाय चालवतंय कोण? घाला.

घातले.

२८ मार्च

तीनशे बारा किलोमीटर, छत्तीस पूर्णांक तीन लिटर. आठ पूर्णांक सहा.

ग्रुपवर नाही टाकला फोटो. का कोण जाणे. जपून ठेवलाय.

३१ मार्च

ईदचा दुसरा दिवस. खैरुद्दीनच्या घरून शीरखुर्म्याचा डबा आला. आम्ही दोघी तो खात होतो आणि ओवी मध्येच म्हणाली, "आई, डोंट गेट मॅड. बाबा इज आस्किंग फॉर द कार. जस्ट वन डे."

कशाला?

"फॉर द रिसेप्शन."

बारा एप्रिलला सुजीतच्या दुसऱ्या लग्नाचं रिसेप्शन. रास अल खैमाला, समुद्रावरच्या हॉटेलात. आभा नाव तिचं, ठाण्याची, बँकेत आहे, बेचाळीस वर्षांची. एवढं मला माहीत होतं. तिला नारिंगी गाडीतून मिरवत न्यायचं आहे! माझ्या गाडीतून! आणि हे विचारायला पोरीला पुढे केलं, स्वतः विचारायची हिंमत नाही!

चमचा खाली ठेवला. तोंडातून शिवी येणार होती. आणि एकदम खैरुद्दीनचं स्टूल आठवलं.

म्हटलं, "दे म्हणावं. एक दिवस काय, त्याचीच होती."

ओवीने उठून मिठी मारली. "यू आर द बिगर पर्सन, आई."

१ एप्रिल

झोप नाही. पण त्रासही नाही, उलट मजाच. लहानपणी सहलीच्या आदल्या रात्री यायची नाही तशी.

सुजीत पाय देणारच. शारजाच्या बाहेर पडला, रस्ता मोकळा झाला की तो दाबतो, बायको शेजारी असली की जास्तच. लग्नानंतर मला घेऊन असाच दाबला होता, मी डोळे मिटून घेतले होते. शंभर किलोमीटरचा मोकळा हायवे आहे. दहा मिनिटं म्हणाला खैरुद्दीन. भर हायवेला, सूट घालून, नव्या नवरीसमोर, निळा धूर काढत उभा राहील! आणि कोणी विचारलं तर मी काय केलं? मी तर ॲव्हरेज वाढवलं. सगळ्या ग्रुपला माहीत आहे.

गाडी जाईल, हो. तीन महिन्यांची मेहनत जाईल. जाऊ दे.

५ एप्रिल

खैरुद्दीनकडे ऑइल बदलायला गेले. बोलता बोलता कळलं त्याला, गाडी दुसरा कोणी नेणार आहे. लगेच म्हणाला, "मग थांबा, जुने जेट घालून देतो. अर्ध्या तासाचं काम." पाना हातात घेतलासुद्धा.

मी नको म्हटलं. त्याने विचारलं, नेणारा हळू चालवतो काय? मी हो म्हटलं.

सचोटीच्या माणसाच्या तोंडावर खोटं बोलले. त्याने पाना ठेवून दिला. पैसे घेतले आणि दुसऱ्या गाडीकडे वळला.

९ एप्रिल

डॅशबोर्डवरचा कागद काढावा का? नको. असू दे. वाचणारा थोडाच आहे तो.

११ एप्रिल

ओवी विचारत होती, जाताना मी गाडीत मागे बसू का. मी एवढ्या जोरात नाही म्हटलं की ती घाबरली. म्हटलं, तुझी तू छोट्या गाडीतून जा. म्हणजे त्या गाडीत माझी पोर नको, आणि आभा चालते? तीही कोणाच्या तरी आईची पोर.

गाडी नुसती बंद पडते. माणसाला काही होत नाही. एकशे चाळीसला बंद पडली तरी? मागून ट्रक असला तरी?

फोन उचलला. ठेवला. गुलाबजामची वाटी. स्कूटी. बत्तीस माणसं हसतात.

ठेवला तो ठेवलाच.

१२ एप्रिल

सकाळी नऊ. चावी ओवीने खाली नेऊन दिली. मी खिडकीपाशी गेले नाही. आवाज तेवढा ऐकला. शांत सुरू झाली, शांत निघाली. हायवेला लागू दे, म्हटलं.

दहा. फोन नाही.

अकरा. फोन नाही. दोनदा चहा केला, दोन्हीदा गार झाला.

बारा वाजता ओवीला मेसेज टाकला, सगळे पोचले का. उत्तर नाही. एक वाजता अंघोळ केलेली असून परत अंघोळ केली. दोन वाजता सुजीतला फोन लावला — घटस्फोटानंतर पहिल्यांदा! — सांगून टाकायला, जिथे असशील तिथे थांब म्हणून. त्याने उचलला नाही. चार वेळा लावला. सूड घ्यायला निघालेली बाई मी, आणि देवासमोर हात जोडून बसले.

तीनला ओवीचा फोटो आला. हॉटेलच्या दारात नारिंगी गाडी. धूर नाही, काही नाही.

१३ एप्रिल

गाडी परत आली. टाकी गळ्यापर्यंत भरलेली, पावती सीटवर. दोनशे बारा किलोमीटर, तेवीस पूर्णांक आठ लिटर. तीन वेळा भागाकार केला. आठ पूर्णांक नऊ. माझ्यापेक्षा जास्त.

ओवीला विचारलं, बाबा एवढी हळू चालवायला कधी शिकला? ती म्हणाली, "बाबा? नो, आभा ड्रोव्ह. बोथ वेज. त्या कागदावर लिहिलं होतं तसं. तीच सांगत होती, बाबा ओरडत होता, पाय दे, पाय दे. शी डिडन्ट."

त्याने चावी दिली तिला?

"शी जस्ट आस्क्ड, आई."

एकोणीस वर्षं. मी एकदाही मागितली नव्हती.