घराभोवतीची जाळी

आई, काल आक्का आपल्या घरी आली. एवढंच सांगायला बसलो होतो. पण तू म्हणशील, यात सांगण्यासारखं काय आहे, पलीकडच्या मळ्यातली बाई ती, रोजचंच तर जाणं-येणं. तेच तर सांगायचं आहे. ती वर्षाहून जास्त दिवसांनी आली, आणि तिला आणायला मला जावं लागलं. तू गेलीस त्याला आता वीस-बावीस वर्षं होतील. निमगावातलं आपलं घर आहे तिथंच मळ्यात आहे, वर स्लॅब टाकला आहे, ओटा मात्र दादांनी मोडू दिला नाही. मी मंचरच्या एका शाळेत शिकवतो, रोज मोटरसायकलवर जातो-येतो आणि येताना रोज चिडलेला असतो. तुझी सून तू पाहिली नाहीस, ती माझ्यापेक्षा स्वभावाने बरी आहे. नात पुण्याला शिकते. दादा आहेत. दादा कसे आहेत हे मुलगा म्हणून सांगायची मला लाज वाटते, म्हणून आधी तुझ्याच गोष्टी काढतो. तुझ्या गोष्टी काढून वेळ मारून न्यायची मला सवयच लागली आहे, ते पुढे कळेलच.

दिवस कलायला लागला आहे. धार काढून झाली आहे, दूध चुलीवर तापतं आहे, आणि तू हातात वाटी घेऊन बांधावरून आक्काच्या मळ्याकडे निघाली आहेस. अनवाणी. चप्पल होती तुला, पण बांधावरून जाताना घालायची नाहीस, माती पायाला गार लागते म्हणायचीस. विरजण आणायला चालली आहेस. आपल्याकडे दोन म्हशी, दह्याचं गाडगं कधी रिकामं नाही, तरी रोज विरजण मागायला पलीकडे. वाट पाच मिनिटांची, पण तू परत यायचीस ती दिवे लागताना. आलीस की आक्काच्या सुनेचं काय चाललंय, कोणाच्या कांद्याला करपा आलाय, आणे गावाकडच्या कोणत्या पाहुण्यांकडे सोयरीक जुळतेय, सगळं दादांना ऐकवत भाकरी थापायला बसायचीस. दादा हूं हूं करायचे. आम्ही सगळे ताटाला ताट लावून जेवायचो आणि शेजारच्या वस्तीवर दिवा मालवायच्या आत तू गाढ झोपलेली असायचीस.

मी दहावीत होतो. पोरं मला चिडवायची, तुझी आई रोज मागायला जाते म्हणून. मला ते फार लागलं. एकदा मी गाडग्यातलं चमचाभर दही काढून वाटीत ठेवलं आणि मोठ्या शहाणपणाने तुला म्हणालो की आता जायची काही गरज नाही. तू वाटीकडे पाहिलंस, मग माझ्याकडे.

"दह्यासाठी जाती मी, आसं वाटतंय व्हय तुला?"

एवढंच म्हणालीस आणि ते दही माझ्याच तळहातावर ओतलंस, खाऊन टाक म्हणून. वाटी धुतलीस आणि नेहमीसारखी गेलीस. मला त्या वेळी तुझा रागच आला होता. हात चिकट झाला होता आणि समोर गणिताची वही उघडी होती.

तुझ्या या सवयींनी तुला अमर केलं असं काही नाही. पन्नाशी गाठायच्या आतच कावीळ झाली आणि गेलीस. पण जितकी वर्षं होतीस तितकी पुरती होतीस, हे मला आता या वयात कळायला लागलं आहे. कळलं म्हणजे काय, तर मी त्यावर भाषण दिलं. गेल्या वर्षी शाळेत पालकांसाठी आरोग्याचा कार्यक्रम होता. मुख्याध्यापक म्हणाले, तुम्ही बोला, तुमची भाषा चांगली आहे. मी बोललो. रात्री लवकर जेवून झोपावं, सकाळचं ऊन अंगावर घ्यावं, मातीवरून चालावं, शेजाऱ्याकडे काम नसताना जावं. आणि मग तुझी विरजणाची गोष्ट सांगितली. पहिल्या रांगेतल्या एका बाईने डोळ्याला पदर लावला. टाळ्या पडल्या. एक पालक मला भेटून म्हणाले, सर, अशी माणसं आता राहिली नाहीत. मी मान डोलावली. तेव्हा आपल्या घराला जाळी बसलेली होती आणि आक्काचं येणं बंद होऊन कित्येक दिवस झाले होते. संध्याकाळी घरी येऊन मी माझ्याच हाताने फाटकाला कुलूप लावलं आणि हात धुऊन चहा प्यालो.

जाळीचं सांगतो. तू गेल्यावर आक्काने उलटं सुरू केलं. तुझं दहावं-तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी संध्याकाळी ती बांधावरून वाटी घेऊन आली. म्हणाली, आमचं विरजण नासलं. त्यानंतर तिचं विरजण जवळजवळ रोजच नासत होतं. दादांना ते कळत नव्हतं असं नाही. ती ओट्यावर बसायची, दादा गोठ्यातून बोलायचे, दोघांचं कांद्याच्या भावावरून भांडण व्हायचं. मी लग्न केलं, म्हशी जाऊन जर्सी गाई आल्या, पिशवीतलं दही आलं, तरी ती यायची. तिच्यामुळे आणखी दोघं-चौघं थांबायचे. रस्त्याने जाणारा कोणीही पाणी प्यायला आत यायचा.

मग बिबटे वाढले. तुझ्या वेळी वाघरू म्हणून कधीतरी कुणीतरी सांगायचं, आता आपल्या जुन्नर-आंबेगावात ते उसातच जन्मतात आणि उसातच मोठे होतात. काही गावांत माणसं गेली, लेकरं गेली. ती भीती खोटी नव्हती, हे तुला सांगितलं पाहिजे. आपला ऊस घराला लागूनच. पलीकडच्या शिवारातून वासरू नेलं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी जाळी आणली. घर, गोठा, अंगण, सगळ्याला पुरुषभर उंचीची जाळी, पुढे लोखंडी फाटक, फाटकाला कुलूप. जाळी बांधावरच्या वाटेवर आडवी आली. मिस्त्री म्हणाला, इकडून एक दार ठेवू का. मी म्हणालो, नको. त्यामुळे आक्काला आमच्याकडे यायचं तर पार सडकेवरून वळसा घालून फाटकाशी यावं लागे. दोन्ही बाजूंना ऊस. सत्तरी ओलांडलेली बाई. ती यायची थांबली आणि कोणी काही बोललं नाही.

दादा आधी चार दिवस फाटकाकडे तोंड करून बसले. मग भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. जेवण कमी झालं, रात्रीची झोप उडाली, हातापायातलं बळ गेलं. मी कर्तव्यदक्ष मुलगा. नारायणगावला दाखवलं, पुण्याला दाखवलं, रक्त तपासलं, गोळ्या आणल्या. सगळं ठीक आहे म्हणाले, फक्त वजन उतरतंय. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर मी त्यांना जाळीच्या आतल्या बाजूने फेऱ्या मारायला लावल्या. ज्या माणसाने लेण्याद्रीचा डोंगर दरवर्षी चढला, त्याला मी अंगणात गोल फिरवत होतो, आणि मनगटाला पावलं मोजायचं घड्याळ बांधलं होतं. दिवाळीनंतर त्यांनी भाकरी सोडली. दुधात कुस्करून दिली तरी दोन घास घेऊन वाटी बाजूला करायचे. मला पहिल्यांदा भीती वाटली की हे आता जाणार. गेल्या आठवड्यात नारायणगावच्या डॉक्टरांनी नेहमीसारखं विचारलं, बाबा, दिवसभर काय करता, कोणाशी बोलता?

"जाळी बसल्यापास्नं बिबट्या आला न्हाई," दादा म्हणाले. "दुसरं बी कोन आलं न्हाई."

डॉक्टर हसले. मीही हसलो, कारण डॉक्टर हसले होते. भाड्याच्या गाडीत बसल्यावर मला दादांकडे बघवेना. घरी येईपर्यंत मी काचेतून रस्ताच पाहत होतो.

परवा मी आक्काकडे गेलो. तुझ्या वाटेने जाता येत नव्हतंच, सडकेवरून गेलो. ती अंगणात शेंगा फोडत बसली होती. वाकली आहे, ऐकायला कमी येतं, पण मला बघून ओळख द्यायला तिने बराच वेळ लावला, तो काही डोळ्यांमुळे नाही. सुनेला चहा टाकायला सांगितला आणि विचारलं, पावणं, इकडं कुठं? तिने मला न्हाऊ घातलेलं आहे, आई, आणि ती मला पावणं म्हणाली. मी दादांचं सांगितलं. तिचा हात थांबला. मग म्हणाली, की ती पहिल्यांदा दोन-तीन डाव फाटकापर्यंत आली होती, हाका मारल्या, कोणी उघडलं नाही. मी म्हणालो, आक्का, टीव्ही चालू असेल, ऐकू आलं नसेल. ती म्हणाली, आसंल. मग मी खिशातून फाटकाची दुसरी किल्ली काढून तिच्यापुढे धरली. ही ठेव, कधीही ये.

"किल्ली घिऊन जात्यात व्हय रं शेजाऱ्याकडं?" आक्का म्हणाली. "ठिव ती खिशात."

मी ठेवली. चहा पीत बसलो. शेंगा फोडायला लागलो, कारण हातांचं काय करावं कळत नव्हतं. तिच्याकडे बसून मी किती वेळ शेंगा फोडल्या कुणास ठाऊक. मला वाटलं होतं फार अवघड जाईल, पण नंतर नंतर बरं वाटायला लागलं. निघताना ती म्हणाली, बांधाच्या बाजूला दार कर, मग बघू. काल सकाळी मिस्त्रीला बोलावून मी जाळी कापून दार बसवलं. त्याला आतून-बाहेरून नुसती कडी आहे. दिवसा उघडं ठेवायचं, दिवस मावळायच्या आत लावायचं, असं घरात ठरलं. बिबटे काही कुठं गेलेले नाहीत.

चारच्या सुमाराला आक्का आली. हातात काठी, आणि बांधावरूनच मोठ्याने बोलत, म्हणजे वाघरानेही ऐकावं आणि आम्हीही. दादांना मी आधी सांगितलं नव्हतं, उगाच आशा लावून ती आली नाही तर काय, म्हणून. तिचा आवाज ऐकून ते उठून बसले, टोपी शोधायला लागले. टोपी उशीखाली होती. आक्का ओट्यावर टेकली आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, की म्हातारा लई वाळला, सून जेवाय घालती का न्हाई? तुझी सून आतून हसली. दादा म्हणाले, घालती की, खायाला सोबत न्हाई. मग कांद्याचं निघालं. पंधरा मिनिटांत दोघं भांडत होती. तुझ्या सुनेने भाकरी आणि वांग्याचं कालवण बाहेरच आणून ठेवलं, आणि बोलता बोलता दादांनी भाकरी खाल्ली. पुरी नाही, पण अर्धीच्या वर. मी दारात उभा राहून ते पाहत होतो. गोळ्यांची पिशवी माझ्या मागे खुंटीला होती.

आक्का निघाली तेव्हा तिला सोडायला मी बांधाच्या टोकापर्यंत गेलो. परत आलो तर दादा ओट्यावर तसेच बसलेले. माझ्याकडे न बघता म्हणाले, ती हाका मारीत व्हती म्हनं फाटकाशी. तू घरात व्हतास तवा? मी म्हणालो, नाही दादा, मी शाळेत असेन. ते म्हणाले, हां, शाळंत आसशील. आणि त्यांनी ते खरं मानलं, आई, लगेच मानलं. रात्री चांगले झोपले. मी मात्र जागा होतो, आणि आज दुपारी घरातले सगळे पडल्यावर हे लिहायला बसलो.

फाटकावर मी कॅमेरा बसवलेला आहे. मोबाईलवर दिसतं कोण आलं ते. आक्का त्यातल्या एका डावाला आली तेव्हा दादा मागे गोठ्यात होते आणि मी शाळेत नव्हतो, आतल्या खोलीत पलंगावर पडलो होतो आणि ती मला स्पष्ट दिसत होती. तिने हाक मारली, थांबली, गजाला हात लावून आत वाकून पाहिलं, पुन्हा हाक मारली. दमलो होतो. उठायचं, बोलायचं, चहा करायला सांगायचं, तिचं ऐकत बसायचं, सगळंच जिवावर आलं होतं. जाळी बिबट्यासाठी लावली हे खरं, पण बांधाकडचं दार मी मिस्त्रीला नको म्हणालो ते बिबट्यामुळे नाही. ती वळून सडकेकडे गेली आणि पडद्यावरून दिसेनाशी झाली, तेव्हा मला हायसं वाटलं होतं. हे दादांना सांगायची माझी हिंमत नाही, म्हणून तुला सांगितलं.