हार्कर हरतो तो माझ्यामुळे

मिलहेवन,
मंगळवार दुपार (बर्फ अजून पडतंच आहे)

आदरणीय एमिलदादा यांस,

धाकट्या चुलतभावाचा, म्हणजे लॅडीचा, आणि तुझ्या भावजयीचा, मिल्लीचा नमस्कार, आणि रोझलीवहिनींनाही तितकाच.

पत्राला फार उशीर झाला, त्याबद्दल आधी माफी मागतो. तू पाठवलेली संत्र्यांची पेटी पोचली हे कळवायला मी नाताळ झाल्याबरोबर लिहायला बसलो होतो. पण त्याच दिवशी तळघरातली भट्टी बंद पडली आणि घराचा बर्फखाना झाला. ती दुरुस्त होते न होते तोच माझ्या डाव्या कानात भुणभुण सुरू झाली. भुणभुण थांबली तेव्हा संत्री संपली होती, आणि संपलेल्या संत्र्यांबद्दल माणसाने काय लिहावं या विचारात आणखी दिवस गेले. संत्री उत्तम होती. (दोन नासकी निघाली. मिल्ली म्हणते हे लिहू नकोस, पण ही तक्रार नाही. तुला दुकानदाराला सांगता यावं म्हणून लिहिलं.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा मोतीबिंदू काढला की अजून पिकतोच आहे? तिकडे पोर्ट सेरेनोला जानेवारीतही म्हातारी माणसं अर्ध्या चड्डीत फिरतात असं ऐकतो. तू फिरू नकोस. आपल्या घराण्याच्या गुडघ्यांना वारा कधीच मानवलेला नाही, समुद्राचा तर मुळीच नाही.

नाताळच्या कार्डावरचा तुमचा फोटोही मिळाला. त्यात तुझ्या डोक्यावर तिकडच्या संघाची, पेलिकन्सची टोपी आहे. दादा, मी काही बोललो नाही. घरी आलेल्या प्रत्येकाला मी सांगितलं की तिकडे ऊन फार, माणूस हाताला लागेल ती टोपी घालतो. पण लॉरेन आली (शाळेची बस चालवते ती, तिला भोंगा वाजवावा लागत नाही, खिडकी उघडली की पुरतं) आणि तिने फ्रिजवरचं चुंबक काढून फोटो उलटा लावला. म्हणाली, "मिलहेवनमध्ये जन्मलेला माणूस आणि डोक्यावर पाणकोळी? याला आईने उपाशी ठेवलं होतं का?" आता आम्हाला फ्रिजवर रोज तुमच्या फोटोची पाठ दिसते. मिल्लीने तरी तुम्हाला नाताळच्या शुभेच्छा तिकडेच तोंड करून दिल्या.

तर इथली हकिकत अशी. या नाही, पुढच्या रविवारी आपले हॅमर्स आणि तुमचे पेलिकन्स यांचा फुटबॉलचा अंतिम सामना आहे, हे तुला माहीत असेलच. हॅमर्स याआधी अंतिम सामन्यात पोचले ते आपल्या तरुणपणी, एकदाच, आणि त्या वेळी मी सैन्यात बटाटे सोलत होतो. सगळं गाव रस्त्यावर नाचलं आणि मला ते आठवडाभराने तुझ्या पत्रातून कळलं. तेव्हापासून मी वाट पाहतो आहे. वाट पाहता पाहता केस गेले, दात गेले, पोलाद कारखाना गेला. आता एवढीच इच्छा उरली आहे, की बार्नी कुलिकच्या बारमध्ये, टीव्हीखालच्या माझ्या स्टुलावर बसून, आपल्या माणसांबरोबर तो सामना पाहावा. ही काही मोठी मागणी नाही. पण मोठी झाली आहे. का, ते सांगतो.

आपला क्वार्टरबॅक डेन्झिल हार्कर, हाताने चेंडू फेकून सगळा खेळ चालवणारा. सप्टेंबर ते डिसेंबर हा माणूस म्हणजे साक्षात देवदूत; पळता पळता, पडता पडता, डोळे मिटून चेंडू फेकला तरी तो आपल्याच माणसाच्या कुशीत जाऊन बसतो. पण जानेवारीत बाद फेरी लागली, की त्याच चेंडूला लोणी कोण चोपडतं, देव जाणे. गेल्या रविवारच्या उपान्त्य सामन्याआधी बाद फेरीचे सात सामने खेळला, त्यात दोन जिंकला. (दुसरा विजय याच महिन्यातला, त्याच्याबद्दल पुढे येईलच, दुर्दैवाने.) त्यामुळे उपान्त्य सामन्याच्या आधीच्या शुक्रवारी, बार्नीकडे तळलेला मासा खायला सगळे जमलो होतो तेव्हा, विषय निघाला की हार्कर जानेवारीत का हरतो.

बार्नीचं म्हणणं, त्याचे हात थंडीने आखडतात. "कुणीतरी विणून द्या रे बाळाला लोकरीचे हातमोजे!" तो ओरडला. गस म्हणाला (गस, शाळेत भूमिती शिकवायचा तो, निवृत्त झाला तरी माणसाकडे त्रिकोणासारखा बघतो) की दोष हार्करचा नाही, त्याच्या रक्षणाला जी पाच धूडं उभी राहतात त्यांचा आहे, जानेवारीत ती नाताळचं खाऊन इतकी जड झालेली असतात की समोरच्याला अडवण्याऐवजी त्याला वाट देऊन बाजूला बसतात. लॉरेनचं मत, दाढी. हार्कर बाद फेरीत दाढी वाढवतो आणि दाढीत नशीब अडकतं. बार्नी म्हणाला, "तुझ्या नवऱ्याला बारा महिने दाढी आहे."

"आणि त्याने कधी काय जिंकलंय?" लॉरेन म्हणाली.

तिचा नवरा तिथेच बसला होता, त्यानेही मान डोलावली. मग आपल्याकडे जे नेहमी होतं तेच झालं. खेळाडूंत दोष सापडेना, तेव्हा प्रत्येकाने आपापला जबाब द्यायचा, की त्या त्या सामन्याच्या वेळी आपण काय घातलं होतं आणि कुठे बसलो होतो. ही रीत तुला माहीत आहेच. तुझे वडील चौथ्या डावात कधी चष्मा पुसत नसत, आठवतं? लॉरेनने सांगितलं की तिची हॅमर्सची जर्सी हार्कर संघात आल्यापासून धुतलेली नाही. (हे सांगायची गरज नव्हती. आम्ही जवळ बसतो.) बार्नी सामना चालू असताना मिठाची कुपी हलवू देत नाही, मग मासा आळणी लागला तरी चालेल. गस चेंडू खांबांमधून जाईपर्यंत एका पायावर उभा राहतो. सगळे निर्दोष सुटले. मग माझी पाळी आली.

इथे माझी चूक झाली, दादा. मी खरं सांगितलं. म्हटलं, मी तर काहीच करत नाही. स्टुलावर बसतो, देवाचं नाव घेतो आणि मनापासून ओरडतो. गसने विचारलं, "प्रत्येक सामन्याला?" मी म्हटलं, प्रत्येक, फक्त पहिला जिंकला तो सोडून, कारण तेव्हा मी पित्ताशयाच्या खड्यांसाठी इस्पितळात औषधांच्या गुंगीत पडलो होतो. "आणि परवा जिंकला तो?" आता, त्या सामन्याचं तुला माहीत नाही. पहिला डाव सुरू होण्याआधी मी बार्नीच्या संडासात गेलो आणि दाराची खिटी अडकली. मी आतून ओरडत होतो, पण बाहेर सगळे आनंदाने ओरडत होते, त्यामुळे कुणाला काही वेगळं वाटलं नाही. सामना संपल्यावर, गर्दीला संडासाची गरज पडली तेव्हा मी सापडलो.

मी एकटाच हसत होतो, कारण संडासाची गोष्ट ऐकून नेहमी हसतात. गस हळूच म्हणाला, "आणि सैन्यात होतास तेव्हा अंतिम सामना कोण जिंकलं होतं, लॅडी?" बार्नीने माझ्यासमोरची ताटली उचलून नेली. तीत अर्धा मासा शिल्लक होता.

मी म्हटलं, अरे माणसांनो, हार्कर मला ओळखतसुद्धा नाही!

"ओळखत असता तर आणखी वाईट खेळला असता," लॉरेन म्हणाली.

रविवारी उपान्त्य सामना. मी बारच्या दारात पोचलो, तर बार्नीने मला माझा कोट काढूच दिला नाही. गस म्हणाला, हा निव्वळ एक प्रयोग आहे, मनाला लावून घेऊ नकोस. मला बाहेर बर्फात उभं केलं. मी उभा राहिलो, आतून जल्लोष ऐकू आला, आपण पुढे. मग खात्री करायला मला आत बोलावलं. मी उंबऱ्यात पाय ठेवला आणि हार्करच्या हातून चेंडू निसटला. बाहेर काढलं, चेंडू परत मिळाला. आत, पुन्हा घोटाळा. लॉरेन दारापाशीच उभी राहिली आणि नळाची तोटी फिरवावी तशी मला आतबाहेर करू लागली. शेवटी तिच्या लक्षात आलं की प्रयोग पुरे झाला आणि आपण हरायला लागलो आहोत, तेव्हा तिने आतून कडी लावली. बारचं दार आतून कडी लावलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. (म्हणजे बाहेरून.)

मी खिडकीशी गेलो. काचेवर वाफ होती, टीव्ही नुसता हिरवा ठिपका दिसत होता. पाय बधिर झाले होते, कान दुखत होता. माणूस किती सोसणार? माझा तोल गेला, दादा. मी काचेवर मूठ आपटून पाहुण्या संघाच्या नावाने ओरडलो, "जिंका रे बाबांनो, तुम्हीच जिंका! हाणा या गाढवांना!" आणि देवाशपथ सांगतो, अगदी मनापासून ओरडलो. त्याच क्षणी आत असा जल्लोष झाला की छप्पर उडावं. हार्करने मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चेंडू फेकला होता आणि आपण सामना जिंकलो होतो. सगळे धावत बाहेर आले. मला वाटलं मला मारणार. त्यांनी मला खांद्यावर घेतलं. लॉरेनने माझ्या टकलाचा मुका घेतला. गसच्या डोळ्यांत पाणी होतं, तो म्हणत होता, "उलटा! उलटाही चालतो हा!"

त्यानंतर तिथेच एक ठराव झाला, पण तो काही तसा महत्त्वाचा नाही आणि त्यासाठी तुला त्रास द्यायची माझी इच्छा नाही. बाकी सगळं ठीक आहे. भट्टी अधूनमधून खोकते. वहिनींना सांग की मोतीबिंदूनंतर वाकायचं नाही. तुझ्या गुडघ्याला हंसाची चरबी चोळ. तिकडे हंस मिळत नसेल तर जो पक्षी मिळतो तो नको चोळूस.

तुझा धाकटा भाऊ,
लॅडी ह्रुश्का

ता. क. – तुमच्या दिवाणखान्यातल्या सोफ्यावर पुढच्या रविवारी एका माणसाची जागा होईल का? ठराव असा झाला आहे, की मी पोर्ट सेरेनोला येऊन, पेलिकन्सची टोपी घालून, अंतिम सामनाभर तुमच्या संघासाठी ओरडावं. खोटं ओरडून चालणार नाही, मनापासून पाहिजे, असं गसचं म्हणणं आहे. बसच्या तिकिटासाठी बार्नीने काउंटरवर बरणी ठेवली होती ती भरली. मी उशी माझी आणीन. अन्नाचं काही नाही, मिळेल ते खातो, फक्त कांदा कच्चा नको.

दुसरा ता. क. – वरचा मजकूर बार्नी माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होता म्हणून लिहिला. आता तो भट्टीला लाथ घालायला तळघरात उतरला आहे, म्हणून घाईने लिहितो. दादा, कृपा करून नाही म्हण. वहिनींच्या माहेरची माणसं येणार आहेत असं लिही. आजाराचं कारण देऊ नकोस, ती कारणं पुढे खरी होतात असा माझा अनुभव आहे. नकार मोठ्या अक्षरांत लिही, म्हणजे बारमध्ये लांबून दाखवता येईल. मला माझ्या स्टुलावर बसायचं आहे. मी तोंड उघडणार नाही, हवं तर टीव्हीकडे पाठ करून बसेन आणि त्यांच्या चेहऱ्यांवरून सामना पाहीन. पण समज, मी बसलो आणि आपण हरलो, तर? मग या गावात माझ्या ताटलीत मासा कोण वाढेल? नाही, तरीही नाहीच म्हण. बार्नी वर येतोय.

तिसरा ता. क. – दुसरा ता. क. रद्द समजावा. पाकीट बंद करायला मिल्लीकडे दिलं तर तिने सगळं वाचून काढलं. मला वाटलं ती हसेल, मग बार्नीला बोल लावील. जी बाई चर्चमध्ये पाद्र्याच्याही बोलण्याला पुरावा मागते, ती असल्या खुळावर विश्वास ठेवणार नाही. ती हसली नाही. पत्राची घडी घालत म्हणाली, "लॅडी, तुझ्या खड्यांच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते की दोन दिवसांत घरी सोडतो. तिसरा दिवस मी मागून घेतला होता. सामना होता ना." मग तिने माळ्यावरून माझी बॅग काढली. लोकरीचे कपडे घातले नाहीत, तिकडे ऊन असतं म्हणाली. आता बॅगेची चेन लागत नाही, म्हणून तिने मला बॅगेवर बसवलं आहे आणि ती गुडघे टेकून ओढते आहे. तेव्हा दादा, हो म्हण, आणि लवकर कळव. उत्तर येईपर्यंत इथून उठू नकोस असं तिने सांगितलं आहे.