अंगणातली वाळू आणि पापांचा ट्रॅक्टर

रेनॉल्ड,

एल्साला घेऊन गोडदेवला आईकडे जातेय. उधाणाने अंगणात आणलेली वाळू अजून अर्धी तशीच आहे. चहा झाला की तुझे पापा छोटा ट्रॅक्टर काढणारच, पुढची लोखंडी फळी त्यांनी लावूनच ठेवलीय.

काल वाळू ढकलून ते रिव्हर्स येत होते आणि एल्सा मागे शिंपले वेचत बसलेली. मी किंचाळले, त्यांना ऐकूच आलं नाही. पोरीला ओढलं तेव्हा चाक हातभर लांब होतं. उतरून मलाच म्हणाले, "काय गो, पोरीला वालूत खेलू पन देत न्हाय?" मी हसले. ती चाकामागेच होती हे सांगवलं नाही. वाळू काढायला सगळी आळी त्यांनाच हाक मारते, त्यावरच तर जगतायत ते.

तू उठलास की चावी मागून घे. "मला चालवायची हौस आलीय" असं म्हण, माझं नाव घेऊ नको. कानाच्या डॉक्टरकडेही तूच ने, तुझं ऐकतील.

मला रात्रभर झोप नाही. कालवण झाकून ठेवलंय. चावी तुझ्याकडे आली की फोन कर. तोवर मला एल्साला त्या अंगणात सोडवत नाही.

मार्सेलिन