इन्साफच्या भिंतीचा रंग

असवान, नदीपलीकडून

माझे धाकटे पण घराण्याचे कर्ते बंधू शाझली यांस थोरली बहीण नबरा हिचा सलाम. अल्ला तुला उदंड आयुष्य देवो आणि बसबूसा खाऊन खाऊन ते तू कमी न करो. तुझी साखर किती आहे ते खरं कळव. तू सांगतोस त्यात आणि तुझी सूनबाई सांगते त्यात मिठाईचं एक अख्खं ताट मावतं. माझे गुडघे होते तिथेच आहेत. (दहब पत्र लिहून देते म्हणाली, पण नातीकडून लिहून घ्यावं असं हे पत्र नाही, म्हणून अक्षर माझं. नावं ठेवू नकोस.)

दहबला शेजारच्या इन्साफच्या नातवाचं, अव्वादचं, स्थळ आलं आणि तू अलेक्झांड्रियाहून नकार कळवलास. आपण नूबी, ते सईदी, आपल्यात मुलगी बाहेर देत नाहीत. बरोबरच आहे. पोरगी तेव्हापासून कालवणात मीठ घालायला विसरते, तेही असो. त्यावर आज मी चकार शब्द लिहिणार नाही. रंगाचं लिहिते.

कैरोची एक रंगाची कंपनी आपल्या गल्लीत आली. सगळी घरं फुकट रंगवणार म्हणे, कारण या देशात सगळे रंग एकत्र नांदतात. त्यांच्या गॉगलवाल्या बाईंना मी विचारलं, यात तुमचं काय सुटतं? आधी त्या बंधुभाव वगैरे बोलल्या. करकदेच्या सरबताचा दुसरा पेला पोटात गेल्यावर म्हणाल्या, "आजी, रमजानात ही जाहिरात टीव्हीवर लागली की ईदपर्यंत डबे दुप्पट खपतात." तेव्हा कुठे मला बाई आवडल्या. मी तरी होडीवाल्यांना फुकट करकदे पाजते ते काय जन्नतसाठी? पैसे देणारे पाहुणे माझ्याच दारात उतरवावेत म्हणून.

तर रंगारी कामाला लागले. माझ्या भिंतीवर मगर काढली (थेट आपली वारलेली आत्या, तेच दात). पण इन्साफचं घर सोडून पुढे गेले. तिची भिंत साध्या विटांची, ती नूबी दिसत नाही म्हणे. आता इन्साफचं आणि माझं तुला ठाऊकच आहे. तिची बदकं माझ्या ओट्यावर घाण करतात, मी तिच्या सगळ्या सईदी खानदानाचा उद्धार करते, ती मला काळी कढई म्हणते. पण तिच्या भट्टीतली पहिली भाकरी येते ती माझ्याच घरी. ती झाडू धरून दारात नुसती उभी राहिली. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग चित्रीकरणाची वेळ झाली. बाईंना एक नूबी आजी आणि एक सईदी आजी गळ्यात गळा घालून हव्या होत्या. लगेच इन्साफला बोलावणं गेलं. म्हणजे मिठीला चालते, रंगाला चालत नाही. मी ओट्यावर बसकण मारली. म्हटलं, आधी हिची भिंत, मग मिठी. इन्साफ कानाशी कुजबुजली, "जाऊ दे गं कढई, माझ्यापायी त्यांचं काम कशाला अडवतेस?" बाई वैतागल्या. "आजी, ही तुमची अशी लागते तरी कोण?"

"माझी विहीण आहे."

कॅमेरा चालू होता. गच्चीवर दहब कपडे वाळत घालत होती, तिच्या हातातला ओला झगा रंगाऱ्याच्या डोक्यावर पडला. बाई मात्र खूश. याहून चांगली जाहिरात त्यांना कुठे मिळणार? त्यांनी इन्साफची पुढची भिंत रंगवलीच, वर मागचीही.

असो. सर्वांना सलाम. सूनबाईला सांग, गोळ्या समोर ठेव आणि मिठाई लपव.

तुझी बहीण,
नबरा

ता. क. जाहिरात रमजानच्या पहिल्याच संध्याकाळी लागणार आहे, रोजा सोडायच्या वेळेला. तुझ्या कॉफीच्या अड्ड्यावर झाडून सगळे नूबी टीव्हीसमोर असतील. त्याआधी तुझा होकार आला तर तू मोठ्या मनाचा. नंतर आला तर टीव्हीला भ्यालेला. तूच ठरव.

ता. क. तो रंग विकत घेऊ नकोस. आत्ताच पोपडे धरतोय.

ता. क. बहिणीच्या तोंडून चुकून निसटलं असं तू लोकांना सांगशील, म्हणून लिहिते. पहिल्यांदा निसटलंच. पण नेमका होडीचा भोंगा वाजला आणि बाईंनी पुन्हा म्हणायला लावलं. दुसऱ्यांदा मी डोक्यावरची ओढणी सारखी केली, कॅमेऱ्यात बघितलं आणि मुलामुलीची नावं घेऊन सांगितलं.