इगर्जीच्या पायाचं गाऱ्हाणं

१. सोमवारी सकाळी नऊला इगर्जीच्या उत्तर भिंतीची भेग तपासण्यासाठी पाया उघडायचा होता.
२. नऊ वाजून दहा मिनिटांनी कामगारांनी कुदळी खाली ठेवल्या.
३. आज गुरुवार. कुदळी तिथेच आहेत.

प्रिय रुद्रेश,

नमस्कार. तू बरा असशील. लिस्बनमधली थंडी फोनवर दिसते, म्हणून विचारत नाही. (सकाळी अकरा अंश.) आमच्याकडे सगळी ठीक. तुमच्या घराची किल्ली आमच्या खुंटीवर आहे. दर शनिवारी आई दार उघडून केर काढते. (मीही जाते. कौलं तपासायला.)

आता काम. आपल्या वाड्यावरच्या इगर्जीची दुरुस्ती माझ्याकडे आली आहे. मुकादम मधुकर सावंतवाडीकडचा. तो म्हणाला, "बाय, राखणदाराक गाऱ्हाणा घातल्याशिवाय हय खणूक जावचा नाय." मी म्हटलं, ही ख्रिस्ती देवाची इगर्ज आहे, इथे जागेच्या रक्षक देवाची विनवणी कशाला? "इगर्ज वर आसा. खालची जमीन तेचीच मां?" फादरना बोलावलं, तर ते त्याच्याच बाजूचे निघाले आणि इगर्ज कशी उभी राहिली ते मलाच सांगू लागले.

तुला ठाऊकच आहे. पहिला पाद्री होडीतून घंटा घेऊन आला. (आधी घंटा, मग इगर्ज. असं नियोजन आजही चालतं.) भिंत कमरेएवढी झाली की पडायची. तीनदा पडली. चौथ्यांदा तुमच्या पूर्वजाने, पाद्रीची पाठ वळलेली बघून, नारळ ठेवला आणि राखणदाराला गाऱ्हाणं घातलं. भिंत टिकली. पाद्रीने श्रेय सायबीण मेरीमातेला दिलं, तुमच्या घराण्याने राखणदाराला. (माझा अंदाज, चौथ्यांदा गवंड्याने पाया रुंद घेतला. त्याचं नाव कुणालाच माहीत नाही.) तेव्हापासून तिथली माती हलवायची तर गाऱ्हाणं तुमच्या घरच्या माणसाने घालायचं. तुमच्या घरचं माणूस म्हणजे आता तू एकटा.

फोनवरून चालेल का, असं मी मधुकरला विचारलं. "राखणदाराक खयची रेंज? तेका माणूस समोर होयो." फादर हसले. मला हसू आलं नाही.

दोन वर्षांत परत येतो म्हणाला होतास. चार वर्षं सात महिने झाले. (ही नोंद आहे, तक्रार नाही.) इगर्जीच्या वार्षिक फेस्ताला तू घंटेची दोरी ओढायचास, मी खाली उभी राहून ठोके मोजायचे, आणि तू दर वेळी एक जास्त वाजवायचास. आता बारा म्हणजे बाराच वाजतात. मला ते आवडायला हवं.

उत्तर भिंतीपासून तुमच्या पायरीपर्यंत एकेचाळीस मीटर भरतात. मोजायचं काही कारण नव्हतं.

सुविधा

ता. क. क्रमांक तीन चुकीचा आहे. माझ्या कुठल्याही अहवालात आजवर चूक निघालेली नाही. मंगळवारीच मधुकर म्हणाला, "तेंच्या घराचा दार तुमीच उघडतात मां? मगे गाऱ्हाणा पण तुमीच घाला." मी घातलं. सगळे "होय म्हाराजा" म्हणाले, फादरसुद्धा, हळूच. पाया उघडला. रुंदी वरच्या भिंतीच्या दीडपट आहे. काम वेळेत संपेल, तू आला नाहीस तरी.

पुन्हा ता. क. काम निर्विघ्न होऊ दे, एवढंच म्हणायचं होतं. मी एक वाक्य जास्त म्हटलं.

फेस्त अठरा जानेवारीला आहे. येणार की नाही, ते पाच जानेवारीपर्यंत कळव.